ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढायला येताय? जुनी फिल्म आणा!

जबड्यात दुसऱ्यांदा सिस्ट (हाडातली पोकळ गाठ) झालेल्या पेशंटला आम्ही काउंटरवर आधी हेच विचारतो: "मागची फिल्म आणि तुकडा तपासल्याचा रिपोर्ट आणलाय का?" बहुतेकदा उत्तर येतं, "ऑपरेशन झालं, मग ठेवून काय करायचं?" मग घरचं कुणीतरी हडपसरला माळ्यावरची पिशवी शोधायला जातं आणि अर्धा दिवस मोडतो.

सिस्ट त्याच जागी असेल तर मागच्या वेळी तिचं अस्तर थोडं राहून गेलेलं असू शकतं. जागा नवी असेल आणि पेशंट विशीच्या आतला, तर डॉक्टर गॉर्लिन सिंड्रोमची शंका घेतात. १९६० साली गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी वर्णन केलेला हा आनुवंशिक आजार; यात जबड्यात पुन्हा पुन्हा सिस्ट होतात आणि कातडीचा कॅन्सरही होऊ शकतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. जागा जुनी की नवी, हे एकट्या नव्या फिल्मवरून कसं कळणार?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं हे नाव लोक नेटवर शोधतात आणि निर्धास्त होतात. "हा तर कातडीचा कॅन्सर. आमच्यात कुणाला नाही." फसगत होते ती इथे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या १०५ रुग्णांच्या पाहणीत गोऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बेसल सेल कॅन्सर (हाच तो कातडीचा) झालेला होता, आफ्रिकन-अमेरिकनांपैकी ३८ टक्क्यांना. (हे दुसरे रुग्ण मोजकेच होते, हेही खरं.) आजार तोच, पण सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन बरंचसं अडवतं. जबड्याच्या हाडात ऊन पोचतच नाही, तिथे रंगाचा काय उपयोग? तेव्हा कातडी स्वच्छ आहे एवढ्यावर सुटलो समजू नका. तळहातावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील (तीही याच आजाराची खूण) तर डॉक्टरांना दाखवा.

चिठ्ठीशिवाय आम्ही सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी एक्स-रे स्कॅन) काढत नाही, याचा काहींना राग येतो. येऊ दे. गॉर्लिनच्या रुग्णांत किरणोपचार दिलेल्या जागी पुढे कॅन्सर उठू शकतात. एक्स-रेचा डोस त्यामानाने अगदी किरकोळ, तरी विनाकारण कशाला? घरात कुणाला हा आजार असेल तर फॉर्मवर जरूर लिहा.

जुनी फिल्म आम्ही स्कॅन करून नव्या ओपीजीबरोबर एकाच सीडीत देतो. ओपीजी आमच्याकडे काढलात तर स्कॅनचे पैसे नाहीत. ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला मोबाइलवरचा फोटो चालत नाही, त्यात सिस्टची कड दिसत नाही. आणि कृपया, फिल्म लॅमिनेट करू नका. हौसेने करून आणतात लोक.