मामा, भाचे आणि ‘बीच बॉइज’चं नाव

१९६१ सालच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावातल्या पाच पोरांच्या बँडने आपल्या पहिल्या रेकॉर्डचं खोकं उघडलं, तर लेबलवर भलतंच नाव! ते स्वतःला ‘पेंडलटोन्स’ म्हणवत. छापलं होतं ‘द बीच बॉइज’. गाणं लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचं, तेव्हा हे नाव खपेल असं रेकॉर्ड विकणाऱ्या रस रीगनला वाटलं. पोरांना कुणी विचारलं नव्हतं आणि लेबलं पुन्हा छापणं परवडणारं नव्हतं. पुढे ज्या नावापायी याच पोरांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ते त्यांना असं चिकटलं.

ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि ब्रायनचा शाळासोबती अ‍ॅल जार्डिन. मॅनेजरही घरचाच: विल्सनांचे वडील मरी, म्हणजे माइकचे मामा. इंग्रजी बातम्यांत सगळेच ‘कझिन’ आणि ‘अंकल’ होऊन जातात, त्यामुळे या भांडणातली खरी बोच कळत नाही.

मरींनी गाण्यांसाठी ‘सी ऑफ ट्यून्स’ ही प्रकाशन कंपनी काढली. रेकॉर्ड विकली गेली की गाणाऱ्यांना त्यांचा वाटा मिळतो. पण शब्द आणि चाल ज्याची, त्याची आणि त्याच्या प्रकाशकाची रॉयल्टी निराळी. गाणं दुसऱ्या कुणी गायलं तरी ती येत राहते. थोडक्यात, गीतकाराच्या रकान्यात नाव आहे की नाही यावर आयुष्यभराची मिळकत ठरते. तिथे माइकचं नाव अनेक गाण्यांवर लागलंच नाही.

१९६४ मध्ये पोरांनी मरींना मॅनेजरपदावरून काढलं, पण प्रकाशन त्यांच्याच हाती राहिलं. १९६९ मध्ये त्यांनी सगळी गाणी ‘अर्विंग म्युझिक’ला विकून टाकली, ७ लाख डॉलरला. बँडचे दिवस भरले, असा त्यांचा होरा होता. इतका चुकलेला होरा या धंद्यात क्वचितच सापडेल.

मरी १९७३ मध्ये वारले. या विक्रीविरुद्ध ब्रायन कोर्टात गेला तो थेट १९८९ मध्ये. विक्रीच्या वेळी आपली मनःस्थिती ठीक नव्हती, सहीसुद्धा आपली नसावी, असं त्याचं म्हणणं. गाण्यांचे हक्क परत आले नाहीत, पैसे मात्र मिळाले. मग माइकने ब्रायनवर दावा लावला: शब्द माझेही होते, मग नाव कुठे? १९९४ मध्ये ज्युरीने ३५ गाण्यांत त्याचा वाटा मान्य केला. त्यांत ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ आणि ‘आय गेट अराउंड’ही होती. या कथेत माइकला खलनायक ठरवायची रीतच पडली आहे. पण इथे त्याची बाजू खरी होती आणि मुळातला घोळ मामांच्या अमलातला होता.

नावाचं भांडण वेगळं. १९६७ मध्ये बँडमधल्या मंडळींनी ‘ब्रदर रेकॉर्ड्स’ ही कंपनी नोंदवली आणि ‘द बीच बॉइज’ हा ट्रेडमार्क तिच्या नावे झाला. डेनिस १९८३ मध्ये बुडून गेला, कार्ल १९९८ मध्ये कर्करोगाने. कार्ल होता तोवर सगळे कसेबसे एकत्र होते. त्याच्यानंतर उरले चार भागधारक: ब्रायन, माइक, अ‍ॅल आणि कार्लचे वारस. त्याच वर्षी जुलैत संचालकांनी ठरवलं की नाव वापरायचं तर कंपनीचा परवाना घ्यायचा. माइकने घेतला, पहिल्या १० लाख डॉलरच्या मिळकतीवर २० टक्के द्यायचे होते. अ‍ॅलने ५ टक्के देऊ केले. ते नाकारलं गेलं, तरी त्याने ‘बीच बॉइज फॅमिली अँड फ्रेंड्स’ नावाने कार्यक्रम लावले. त्यात त्याची मुलं होती आणि ब्रायनच्या मुलीही! म्हणजे रक्ताचे विल्सन या स्टेजवर, आणि नाव भाच्याच्या स्टेजवर.

१९९९ मध्ये कंपनीने आपल्याच संचालकावर, म्हणजे अ‍ॅलवर, दावा ठोकला. कोर्टात पोस्टरं आली. त्यांवर ‘बीच बॉइज’ ठळक, ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ त्या मानाने बारीक. काही आयोजकांनी तर याच मंडळींना ‘बीच बॉइज’ म्हणून विकलं होतं. तिकीट काढणाऱ्याला नक्की कोण गाणार याचा पत्ता नाही. आपण त्या बँडमध्ये होतो हे अ‍ॅलने सांगायला हरकत नव्हती, पण पाटीवर ते नाव मिरवणं वेगळं. २००३ मध्ये अपील कोर्टानेही त्याच्याविरुद्धच कौल दिला.

२००५ मध्ये माइकने पुन्हा ब्रायनला कोर्टात खेचलं. एका ब्रिटिश वृत्तपत्राने वाटलेल्या फुकट सीडीवरून हा दावा होता. तो टिकला नाही. २०१२ मध्ये पन्नाशीच्या दौऱ्यासाठी सगळे एकत्र आले, दौरा संपला आणि माइक पुन्हा आपल्या परवान्यावर निघून गेला.

२०२१ मध्ये नावासह बँडच्या हक्कांतला मोठा हिस्सा संगीताच्या धंद्यातले बडे मॅनेजर अर्विंग एझॉफ यांच्या ‘आयकॉनिक आर्टिस्ट्स ग्रुप’ने विकत घेतला. ब्रायन जून २०२५ मध्ये गेला. तोवर त्या नावावर शेवटचा शब्द विल्सनांचाही नव्हता आणि लव्हचाही.