डिफरन्शियल आणि आरईएफ: रोहित्राच्या दोन संरक्षणांतला फरक

उपकेंद्रातील रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) रिले पॅनेलवर डिफरन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट, म्हणजेच आरईएफ, असे दोन रिले, म्हणजे दोष ओळखून वीज तोडायला लावणारी उपकरणे, बहुधा शेजारीशेजारी असतात. दोन्ही आपापल्या सीटींच्या (प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) मधल्या भागापुरतेच पाहतात, दोन्ही विनाविलंब मास्टर ट्रिप रिले चालवून दोन्ही बाजूंचे ब्रेकर पाडतात, आणि दोन्हींचे काम आत गेलेला प्रवाह व बाहेर आलेला प्रवाह यांचा मेळ घालण्याचे असते. त्यामुळे आरईएफ ही डिफरन्शियलचीच लहान आवृत्ती आहे, असा समज नवख्या अभियंत्यांमध्ये सर्रास आढळतो. मात्र हे दोन रिले मेळ घालतात तो एकाच गोष्टीचा नव्हे, आणि त्यांच्यातले बाकीचे सगळे फरक तेथूनच निघतात.

चार्ल्स मेर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी १९०४ मध्ये मांडलेले डिफरन्शियलचे मूळ तत्त्व अगदी सरळ आहे: निर्दोष उपकरणात जितका प्रवाह शिरतो तितकाच बाहेर पडतो. अल्टरनेटरच्या गुंडाळीला ते जसेच्या तसे लागू पडते. रोहित्राला मात्र ते तसे लागू पडत नाही, कारण त्याच्या दोन गुंडाळ्या तांब्याने नव्हे तर गाभ्यातील चुंबकीय प्रवाहाने जोडलेल्या असतात आणि तेथे समतोल असतो तो अँपिअर-टर्न्सचा, म्हणजे प्रवाह गुणिले वेढे यांचा. ३३/११ किलोव्होल्ट, १० एमव्हीए, डेल्टा-स्टार जोडणीचे रोहित्र घेतले, तर पूर्ण भाराला वरच्या बाजूला १७५ आणि खालच्या बाजूला ५२५ अँपिअर वाहतात. २००/१ आणि ६००/१ गुणोत्तराचे सीटी बसवले की दोन्हींकडून रिलेला ०.८७५ अँपिअर मिळतात आणि आकडे जुळतात. तरीही डेल्टा-स्टारमुळे पडलेला ३० अंशांचा कोन उरतोच. तो जुन्या रिलेंमध्ये सीटींची उलट जोडणी करून, म्हणजे स्टार बाजूचे सीटी डेल्टात आणि डेल्टा बाजूचे स्टारमध्ये जोडून, काढत असत. आजचे न्यूमेरिकल (संगणकीय) रिले तेच काम गणिताने करतात.

एवढे करूनही मेळ तंतोतंत बसत नाही. व्होल्टेज जुळवण्यासाठी वेढ्यांची संख्या बदलणारा टॅप चेंजर १० टक्के सरकला की तितकीच तफावत पडते, आणि बाहेरच्या मोठ्या दोषात एका बाजूचा सीटी दुसऱ्याच्या आधी संतृप्त होतो, म्हणजे त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून तो प्रवाह नीट दाखवेनासा होतो. म्हणून या रिलेला बायस दिलेला असतो: रोहित्रातून वाहणारा प्रवाह जितका मोठा, तितका अधिक फरक रिले सहन करतो. शिवाय रोहित्र चार्ज करताना गाभा जो इनरश प्रवाह ओढतो तो एकाच बाजूने येतो, त्यामुळे रिलेला तो थेट अंतर्गत दोषासारखाच दिसतो. त्यात दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळच्या दुप्पट वारंवारतेचा, अंश मोठा असतो, यावरून तो ओळखून ट्रिप रोखले जाते. त्यासाठी मर्यादा साधारण १५ ते २० टक्के ठेवतात. या साऱ्या सवलतींची किंमत म्हणजे पिकअप, म्हणजे रिले चालू होण्याची किमान पातळी, पूर्ण भाराच्या २० टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो.

ही किंमत नेमकी कोठे मोजावी लागते, हे वरच्याच रोहित्रात दिसते. कारखान्यांत पुष्कळदा करतात तसे त्याचे न्यूट्रल (स्टारचा मध्यबिंदू) रेझिस्टरमधून अर्थ केले आहे, म्हणजे जमिनीला जोडले आहे, आणि अर्थ फॉल्टचा प्रवाह ५२५ अँपिअरपुरता मर्यादित आहे, असे समजू. न्यूट्रलपासून २० टक्के अंतरावर गुंडाळीचे इन्सुलेशन फुटले तर त्या ठिकाणी व्होल्टेज पाचव्या हिश्श्याचे, म्हणून दोषप्रवाह १०५ अँपिअर. पण या प्रवाहाचे टर्न्सही पाचव्या हिश्श्याचेच असल्याने ३३ किलोव्होल्टच्या बाजूला त्याचे जेमतेम ४ अँपिअर उमटतात, म्हणजे पूर्ण भाराच्या सव्वादोन टक्के. डिफरन्शियलला हवे असतात १७५ चे २० टक्के, म्हणजे ३५. अंतराच्या वर्गाने घटणाऱ्या या प्रवाहामुळे न्यूट्रलकडची सुमारे ५९ टक्के गुंडाळी अर्थ फॉल्टच्या बाबतीत तिच्या दृष्टीआड राहते.

आरईएफ गाभा ओलांडतच नाही. स्टार बाजूचे तीन फेज सीटी आणि न्यूट्रलचा चौथा सीटी यांची बेरीज ती घेते. हे सगळे तांब्याने जोडलेले एकच मंडल असल्यामुळे येथे किर्चहॉफचा नियम कोणत्याही दुरुस्तीशिवाय चालतो. टॅप कोणताही असो, इनरश असो, बाहेर कोठे अर्थ फॉल्ट असो, आदर्श सीटींची बेरीज शून्यच येते. वरच्या दोषात न्यूट्रलमधून १०५ अँपिअर जातात आणि फेज सीटींतून त्यांचा पत्ता नसतो. १० टक्क्यांवर, म्हणजे ५२.५ अँपिअरवर, लावलेला रिले ते सहज पकडतो. न्यूट्रल थेट अर्थ केलेले असेल तर दोष न्यूट्रलच्या अगदी जवळ असतानाही प्रवाह मोठाच राहतो, आणि आरईएफ जवळजवळ सगळी गुंडाळी सांभाळते.

सीटी संतृप्तीचा प्रश्न आरईएफलाही असतोच, पण हाय इम्पिडन्स पद्धतीत त्यावरचा उपाय निराळा आहे. संतृप्त सीटी हा जवळजवळ नुसता रेझिस्टन्स उरतो. रिलेच्या वाटेत स्टॅबिलायझिंग रेझिस्टर घातला की खोटा प्रवाह रिलेऐवजी त्या सीटीतूनच फिरतो. अट एवढीच की चारही सीटी पीएस वर्गाचे (अशा संरक्षणासाठी खास बनवलेले) व एकाच गुणोत्तराचे हवेत.

मात्र फेज-फेज दोष आरईएफला दिसत नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या गुंडाळीचे तर तिला काहीच कळत नाही. ती कामे डिफरन्शियलची. चार-दोन वेढ्यांच्या आपसातल्या शॉर्टपुढे मात्र दोन्ही हतबल असतात आणि तेथे रोहित्राच्या तेलात दोषामुळे तयार होणारा वायू ओळखणारा बुखोल्झ रिलेच उपयोगी पडतो.

चाचणीच्या वेळी हा भेद विसरणे महागात पडते. डिफरन्शियलच्या एखाद्या सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) उलटी जोडली गेली असेल, तर भार चढताच चूक उघडी पडते. आरईएफच्या न्यूट्रल सीटीची उलटी पोलॅरिटी महिनोन्महिने लपून राहू शकते, कारण समतोल भारात न्यूट्रलमधून प्रवाहच जात नाही. मग एखाद्या फीडरवर साधा अर्थ फॉल्ट होतो आणि त्या फीडरऐवजी सगळे रोहित्रच बंद पडते. म्हणून आरईएफची स्टॅबिलिटी चाचणी, म्हणजे बाहेरच्या दोषात रिले शांत राहतो ना याची तपासणी, तीन फेजच्या समतोल प्रवाहावर भागवू नये. एका फेजमधून न्यूट्रलपर्यंत प्रवाह सोडूनच ती घ्यावी.