१११ विजयांचा संघ चार सामन्यांत बाद कसा होतो?

१५ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉल संघ सॅन डिएगो पाद्रेसकडून पाच सामन्यांची मालिका १-३ अशी हरून बाद फेरीतून बाहेर पडला. नियमित हंगामातील १६२ सामन्यांपैकी डॉजर्सने १११ आणि पाद्रेसने ८९ जिंकले होते. त्या हंगामात दोघांत झालेल्या १९ लढतींपैकी १४ डॉजर्सच्या नावावर होत्या. चौथ्या सामन्यात डॉजर्स ३-० असे पुढे असताना सातव्या डावात पाद्रेसने पाच धावा काढल्या. चाहत्यांचा संताप मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह रॉबर्ट्स यांच्यावर निघाला: त्यांनी पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) चुकीच्या वेळी बदलले, त्यांना काढून टाका. सॅन डिएगोच्या चाहत्यांसाठी मात्र दुसऱ्या सामन्याच्या वेळी मैदानावर उतरलेला एक रानहंस शुभशकुन ठरला.

दोन्ही प्रतिक्रियांमागे समजूत एकच आहे, ती म्हणजे एवढा बलाढ्य संघ आपोआप हरूच शकत नाही, त्यामुळे कोणीतरी किंवा काहीतरी कारणीभूत असलेच पाहिजे. ही समजूत शालेय संभाव्यतेच्या आधारे तपासता येते, आणि ही तपासणी मला विलक्षण सुंदर वाटते.

प्रथम एका सामन्याचा विचार करू. डॉजर्सच्या विजय-पराभवांचे गुणोत्तर १११ भागिले ५१, म्हणजे सुमारे २.१८, तर पाद्रेसचे ८९ भागिले ७३, म्हणजे सुमारे १.२२ होते. पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास सुमारे १.७९ मिळतात, म्हणजेच परस्परांतील लढतीत डॉजर्सच्या विजयाची शक्यता १.७९ भागिले २.७९, अर्थात सुमारे ६४ टक्के येते. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप आहे. यात त्या दिवशीचा पिचर आणि घरचे मैदान विचारात घेतलेले नाही आणि प्रत्येक सामना स्वतंत्र मानला आहे.

आता पाच सामन्यांची मालिका घेऊ, जिच्यात आधी तीन जिंकणारा संघ पुढे जातो. डॉजर्स सलग तीन हरण्याची शक्यता ०.३६ चा घन, म्हणजे ४.७ टक्के. चार सामन्यांत हरायचे, तर शेवटचा सामना पाद्रेसचाच असणार आणि डॉजर्सचा एकमेव विजय पहिल्या तीनपैकी कोणत्याही जागी बसू शकतो. म्हणून ३ × ०.३६³ × ०.६४, म्हणजे ९ टक्के. पाच सामन्यांत हरायचे, तर पहिल्या चारपैकी दोन विजयांच्या जागा सहा प्रकारे निवडता येतात. म्हणून ६ × ०.३६³ × ०.६४², म्हणजे साधारण ११.५ टक्के. बेरीज २५ टक्के होते. मॅनेजरने काहीही वावगे केले नाही तरी अशा चार मालिकांपैकी सरासरी एक डॉजर्स हरणारच.

दोन संघांतील अंतर कमी असेल, तर चित्र आणखी धूसर होते. प्रत्येक सामना ५५ टक्के शक्यतेने जिंकणारा संघ सात सामन्यांची मालिका केवळ ६१ टक्के वेळा जिंकतो, आणि सरस संघच जिंकेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास मालिका तब्बल २६९ सामन्यांची ठेवावी लागेल. बाद फेरीच्या ऑक्टोबर महिन्यात एवढे सामने कोणीही खेळवणार नाही, आणि ‘दडपणाखाली कोसळणारा संघ’ अशी पाच सामन्यांवरून केलेली विधाने म्हणूनच पोकळ असतात.

तरीही पराभवानंतर ‘हे दिसतच होते’ असे चाहत्यांना मनापासून वाटते. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच अटळ होता असे वाटू लागते. पिचर बदलण्याचा तोच निर्णय यशस्वी झाला असता, तर तो धाडसी म्हणून वाखाणला गेला असता.

२०२३ मध्येही शंभर विजय मिळवलेले डॉजर्स ८४ विजयांच्या अॅरिझोना डायमंडबॅक्सकडून ०-३ असे हरले आणि रॉबर्ट्स यांना हटवण्याची मागणी पुन्हा झाली. २०२४ मध्ये, रॉबर्ट्सच मॅनेजर असताना, डॉजर्स पाद्रेसविरुद्ध १-२ असे मागे पडले होते. त्या वर्षीच्या ९८ आणि ९३ विजयांवरून हिशेब केल्यास तेथून मालिका जिंकण्याची शक्यता सुमारे २८ टक्के येते. डॉजर्सने पुढचे दोन्ही सामने जिंकले आणि त्याच महिन्यात न्यू यॉर्क यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिकाही जिंकली.