वन विभाग व मुंबईतील वन्यजीव व्यवस्थापन

मुंबई आणि ठाण्याच्या मधले जंगल, खाडीकाठची कांदळवने म्हणजे खारफुटीची जंगले आणि तिथल्या वन्यजीवांची राखण महाराष्ट्र शासनाच्या वन विभागाकडे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या कामाचा कायदेशीर पाया. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपुरात बसतात आणि बिबट्याला जेरबंद करायचे तर त्यांची परवानगी लागते. जंगल प्रत्यक्षात राखले जाते ते मात्र नियतक्षेत्रात, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकामुळे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, लोकांच्या तोंडी ‘नॅशनल पार्क’, सुमारे १०४ चौ. किमी. आहे. त्याच्या पोटात महापालिकेला पाणी पुरवणारे तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, पुरातत्त्व खात्याकडची कान्हेरी लेणी आहेत आणि वारली व इतर आदिवासींचे पाडेही आहेत. बहुतेक बाजूंनी इमारती भिडलेल्या. १९९७मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणे (गवत आधीच जाळून मोकळा पट्टा ठेवणे), शिकारीचे फास शोधणे, जखमी प्राण्यांवर उपचार करणे ही नित्याची कामे.

विभागाची खरी कसोटी लागली ती बिबट्यामुळे. २००२ ते २००४ या काळात माणसांवरचे हल्ले वाढत गेले आणि २००४ हे साल सर्वांत वाईट ठरले. तेव्हाचा ठरलेला उपाय म्हणजे पिंजरा लावायचा, सापडेल तो बिबट्या पकडायचा आणि दूर नेऊन सोडायचा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागातल्या अभ्यासाने या पद्धतीतली चूक दाखवून दिली. आपला मुलूख सुटलेला बिबट्या अनोळखी जागी अधिक धोकादायक ठरू शकतो आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. त्यानंतर भर पिंजऱ्यावरून माणसांशी बोलण्याकडे वळला. २०११मध्ये उद्यान प्रशासनाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. सांगणे साधेच होते: कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात लहान मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर त्याला घेरू नका, १९२६ या क्रमांकावर कळवा. वाघोबा या देवाला पुजत आलेल्या पाड्यांना बिबट्याचा शेजार नवा नव्हता. समजावायचे होते ते सोसायट्यांना. या विभागाने मुंबईत केलेले हे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. तरीही २०२१ आणि २०२२मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरे परिसरात पुन्हा हल्ले झाले. हे काम एकदा करून संपत नाही.

बिबटे मोजण्याची रीतही बदलली. पायवाटेच्या दोन्ही अंगांना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे झाडाला बांधतात. प्रत्येक बिबट्याची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि त्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरची नक्षीही एकसारखी नसते, म्हणून दोन्ही बाजूंचे छायाचित्र हवे. २०१५च्या अशा अभ्यासात उद्यान व परिसरात ३५ बिबटे ओळखता आले, तर २०१८मध्ये ४७.

उद्यानाबाहेर सापडलेले साप, माकडे वगैरे मुख्यतः ठाणे वन विभागाच्या अखत्यारीत येतात. खारफुटीसाठी २०१२पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. त्याच्याकडील ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये घोषित झाले आणि २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून भरतीची वेळ बघून सुटणाऱ्या बोटीतून थव्याने बसलेले रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, जवळून दिसतात. ते पाहायला गर्दी होते, आणि व्हावीच. खारफुटीवर राडारोडा टाकणारे डंपर मात्र रात्रीच्या आडोशाने येतात, म्हणून इथली गस्त रात्रीही घालावी लागते.