दारू सोडताना तिसरा दिवस

स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस हाडांच्या वॉर्डात भरती होतो. ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं. पहिल्या दिवशी हात थोडे थरथरतात, घाम येतो. दुखण्यामुळे असेल असं सगळे धरून चालतात. तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसून काढतो, पलंगावरून उतरू बघतो, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणतो, बायकोला ओळखत नाही. कुणाला वाटतं भूल डोक्यात गेली, कुणी हळूच म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. खरं कारण एवढंच, की रोज दोन क्वार्टर लागणाऱ्या या माणसाला तीन दिवस थेंबही मिळालेला नाही, आणि भरती करताना ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना असा रुग्ण नवा नसतो. हेही डिटॉक्सच, म्हणजे शरीरातून दारू उतरवणं, फक्त न ठरवता झालेलं. ठरवून भरती होणाऱ्याच्या शरीरातही हेच घडायला निघालेलं असतं. त्याच्यावर अशी तिसरी रात्र येऊ न देणं, हे भरतीच्या आठवड्याचं मुख्य काम.

दारू मेंदूत दोन बाजूंनी काम करते. पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर ती वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा जोर दाबते. वर्षानुवर्षं रोज असं झालं की मेंदू उलट्या दिशेने ताकद लावायला शिकतो: गाबाला प्रतिसाद कमी, ग्लुटामेटला जास्त. म्हणूनच मुरलेला पिणारा दोन क्वार्टर पोटात असतानाही सरळ चालतो, सही करतो. दारू एकदम थांबली की रस्सीखेचीत समोरच्या संघाने दोर सोडून दिल्यासारखं होतं. उरते फक्त उत्तेजना. नाडी धावते, रक्तदाब चढतो, हात थरथरतात, झोप उडते. सकाळी उठल्याबरोबर ‘उतारा’ घ्यावा लागणं हे याच अवस्थेचं रोजचं छोटं रूप.

हे दारू थांबल्यामुळे होतं, उपासमारीमुळे नव्हे, हे सिद्ध व्हायला १९५५ साल उजाडलं. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी दहा पुरुषांना उत्तम आहार आणि जीवनसत्त्वं देत आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग अचानक बंद केली. जे सर्वांत जास्त दिवस प्यायले त्यांच्यात फिट आणि भ्रम दिसले. हे पुरुष पूर्वी मॉर्फिनच्या व्यसनात असलेले होते. असा प्रयोग आजची कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याला मिळालेलं वेळापत्रक अशाच निरीक्षणांतून आलं.

वेळापत्रक साधारण असं. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत थरथर, मळमळ, घाम, बेचैनी. पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट. काहींना याच काळात आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं, पण भान शाबूत असतं. मग ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, सगळ्यांना नाही पण थोड्यांना, ‘डिलिरियम ट्रेमेन्स’: वेळ-जागेचं भान जातं, ताप चढतो, हृदय बेलगाम धावतं. उपचारांविना यात कित्येक जण दगावत; आता वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण फार कमी आहे. पाचव्या-सातव्या दिवशी वादळ ओसरतं. झोप मात्र पुढे कित्येक आठवडे रुळावर येत नाही, आणि ‘झोप येत नाही म्हणून’ हेच पुन्हा पिण्याचं पहिलं निमित्त ठरतं.

आता भरतीचा दिवस. बॅग तपासली जाते. बाटलीच नव्हे, आफ्टरशेव्ह, परफ्यूम, सॅनिटायझरही काढून घेतात, कारण त्यातही अल्कोहोल असतं. मोबाईल बहुतेक ठिकाणी जमा करावा लागतो. रक्ततपासणीत यकृत, साखर, क्षार बघतात. यापूर्वी दारू सोडताना फिट आली होती का, हे विचारतात. त्याचं कारण आहे: प्रत्येक वेळी अचानक सोडणं आणि पुन्हा धरणं यामुळे मेंदू अधिक चिडचिडा होत जातो, पुढची खेप आधीच्या खेपेपेक्षा जड जाऊ शकते. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारा हौशी माणूस सुखरूप असतो. ज्याला रोज सकाळी लागते त्याने असं करणं धोक्याचं आहे, घरच्यांना कितीही कौतुक वाटो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: रोज किती? इथे जवळजवळ प्रत्येक जण निम्मं सांगतो. ‘थोडीशी, जेवणाआधी.’ शेजारी बायको बसलेली असते, लाजही असते. पण हिशोब करून बघा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलिची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन क्वार्टर घेणाऱ्याने ‘अर्धी क्वार्टर’ सांगितली तर डॉक्टर औषधाचा अंदाज एक चतुर्थांश माणसासाठी बांधतील. झोपेच्या गोळ्या, गांजा, देशी, जे असेल ते सांगावं. तंबाखूचंही सांगावं, तिची तलफ वेगळीच बेचैनी आणते.

औषध असतं बेन्झोडायझेपिन गटातलं, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. ही औषधंही गाबाचाच जोर वाढवतात, म्हणजे दारूने सोडलेली जागा तात्पुरती धरून ठेवतात, आणि मग दर दिवशी मात्रा कमी करत सहसा आठवड्याभरात थांबवतात. अनेक ठिकाणी नर्स दर काही तासांनी येऊन दहा मुद्द्यांची तपासणी करते: हात पुढे करा, घाम आलाय का, अंगावर काही सरपटतंय का, आज तारीख काय. जास्तीत जास्त गुण ६७, आणि गुण चढले की औषध वाढतं. रुग्णाला हा वैताग वाटतो, पण त्यावरच मात्रा ठरते. पहिले दोन दिवस पेंग येईल, बोलणं जड होईल. नातेवाइकांनी ‘गुंगीतच ठेवलंय’ म्हणून भांडू नये. आणि याच गोळ्या घरी आणून स्वतःच डिटॉक्स करू नये: दारूसोबत त्या घेतल्या तर श्वास मंदावतो आणि बंदही पडू शकतो.

दुसरं औषध स्वस्त आहे आणि कुणी त्याची चर्चा करत नाही: थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. नियमित पिणारे जेवतात कमी, आणि दारूमुळे आतड्यातून ते शोषलंही कमी जातं. शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा. तो संपला की भान हरपणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं असा आजार होतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये तो नोंदवला. वेळीच इंजेक्शन मिळालं तर माणूस सावरतो, नाही मिळालं तर नवी आठवण कायमची बनेनाशी होऊ शकते. म्हणून ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा’ हा आपल्याकडचा लाडका आग्रह इथे धरू नये. साखर वापरायलाही थायमिनच लागतं. उरलंसुरलं तेच खर्ची पडतं. साखर फारच खाली गेली नसेल तर आधी थायमिन, मग ग्लुकोज.

गर्द किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांची ‘टर्की’, म्हणजे ते थांबवल्यावर होणारा त्रास, वेगळी. नाक गळतं, जांभया, जुलाब, हाडं मोडल्यासारखी दुखतात. यातना जास्त, पण धडधाकट माणसात जिवाला धोका दारूपेक्षा कमी. तिथला खरा धोका नंतर असतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर पडून जुनीच मात्रा घेतली तर तीच जीव घेते.

जबरदस्तीने कोंडून ठेवतात का, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसनही येतं. स्वतःहून भरती झालेल्या प्रौढाला डिस्चार्ज मागण्याचा हक्क आहे. काही परिस्थितीत तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणं याला उपचार म्हणणारं केंद्र दिसलं तर तिथून निघावं.

एस.टी. स्टँडच्या भिंतीवरची ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरातही अशीच. अशा पुडीत डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू पडताच रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. डिटॉक्सनंतर डॉक्टरही हे औषध देतात, पण रुग्णाला पूर्ण सांगून आणि त्याच्या संमतीनं. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधंही तेव्हाच सुरू होतात. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत पुढचे आठवडे गटचर्चा, समुपदेशन आणि घरच्यांच्या बैठका चालतात.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही मदत मिळाली होती. भरती होऊन उपचार १८० मध्ये एकाला. जवळचं केंद्र शोधायचं तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. मात्र फिट आली किंवा भान सुटलं तर फोन करत बसू नये, थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं, आणि दारूबद्दल तिथल्या पहिल्याच डॉक्टरला सांगावं.