योनीमार्गातील जिवाणू आणि गर्भपात

निरोगी योनीमार्गात जिवाणू असतात, आणि ते असायलाच हवेत. त्यांतला मुख्य गट लॅक्टोबॅसिलसचा. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते; ते फुटून मिळणाऱ्या साखरेवर हे जिवाणू जगतात व लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे सामू (आम्लतेचे माप, pH) ३.८ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी राहतो आणि उपद्रवी जंतूंचा तिथे सहसा निभाव लागत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, तसा लॅक्टोबॅसिलसचा जोरही वाढतो. मात्र सगळ्या जाती सारख्या नव्हेत. क्रिस्पॅटस ही जात भरवशाची. आयनर्सचे प्राबल्य असेल तर घडी लवकर विस्कटते.

लॅक्टोबॅसिलस घटून गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांसारखे जिवाणू माजले की त्या अवस्थेला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशीवर जिवाणूंचा इतका दाट थर दिसतो की तिची कडाच हरवते. स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच माशासारखा वास येतो. पुष्कळ स्त्रियांना मात्र काहीच त्रास जाणवत नाही.

पहिल्या तिमाहीत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. तिथे जिवाणूंना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो गुणसूत्रे ठीक असूनही गर्भ का पडतो याचा. लंडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमक्या अशा गर्भपातांमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी आणि स्थानिक दाह जास्त आढळला. हा संबंध महत्त्वाचा आहे, पण एकामुळे दुसरे घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या तिमाहीतले चित्र अधिक स्पष्ट आहे. काही जिवाणूंची विकरे गर्भाशयमुखातल्या संरक्षक श्लेष्म्याला पोखरतात. जंतू वर चढून गर्भावरणापर्यंत पोचले, की दाहातून प्रोस्टाग्लँडिन ही संप्रेरकांसारखी रसायने तयार होतात, गर्भाशयमुख सैल पडते, कळा सुरू होतात किंवा पाणमोट फुटते.

मग प्रतिजैविके देऊन गर्भ वाचतो का? उत्तर सरळ नाही. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लिंडामायसिनच्या गोळ्यांनी उशिराचे गर्भपात कमी झाले. फ्रान्समधल्या २०१८ च्या बऱ्याच मोठ्या चाचणीत, कमी जोखमीच्या गर्भवतींना तेच औषध देऊनही फरक पडला नाही. औषध जंतू मारते, पण क्रिस्पॅटस परत आणून वसवत नाही, हे यामागचे एक कारण असू शकते. म्हणून लक्षणे नसलेल्या, कमी जोखमीच्या प्रत्येक गर्भवतीची सरसकट तपासणी सहसा सुचवली जात नाही. लक्षणे असल्यास मात्र गरोदरपणातही मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन देतात.

गर्भ गमावलेल्या अनेक जणी हा दोष स्वतःच्या अस्वच्छतेला लावतात. तसे काही नसते. उलट योनी आतून धुण्याने हे उपयुक्त जिवाणूच वाहून जातात.