वाहतूक-कक्ष पद्धती

वाहतूक-कक्ष पद्धती : शहराच्या मध्यभागाचे काही कक्ष पाडून एका कक्षातून शेजारच्या कक्षात मोटारीने थेट जाण्याची वाट बंद करणारी योजना. मोटारचालकाला आधी बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर यावे लागते आणि तेथून वळसा घालून हव्या त्या कक्षात त्याच्या प्रवेशरस्त्याने शिरावे लागते. पादचारी, सायकली, बस, ट्राम व रुग्णवाहिका यांना मात्र हद्द ओलांडता येते. त्यामुळे जवळच्या अंतरासाठी मोटारीचा रस्ता सर्वांत लांबचा ठरतो. मोटारीला बंदी नसते. प्रत्येक घर, दुकान व दवाखान्यापर्यंत ती पोहोचू शकते. म्हणूनच माथेरानची व्यवस्था या पद्धतीत मोडत नाही. तेथे खासगी वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात.

उगम : मूळ कल्पना कोणाची याविषयी एकमत नाही. ब्रिटिश अभ्यासक लंडनच्या पोलीस दलातील अधिकारी अल्कर ट्रिप यांच्यापासून सुरुवात करतात. मुख्य रस्त्यांनी वेढलेले, आरपार वाहतुकीपासून मुक्त असे परिसर असावेत, ही मांडणी त्यांनी १९४२ मध्ये केली. ब्रिटिश नगररचनाकार कॉलिन ब्यूकॅनन यांच्या १९६३ च्या अहवालातील ‘पर्यावरण क्षेत्रे’ ही तिचीच पुढची पायरी. दुसऱ्या मतानुसार जर्मनीतील ब्रेमेन हे उगमस्थान होय. तेथे १९६० च्या सुमारास जुन्या शहराचे चार कक्ष पाडण्यात आले. ट्रिप यांच्या परिसरांची हद्द म्हणजे वाहता मुख्य रस्ता, तर ब्रेमेनमधील हद्द म्हणजे मोटारीला ओलांडता न येणारी रेषा. पद्धतीचे सारे मर्म या रेषेत असल्याने ब्रेमेनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. स्वीडनमधील गोथेनबर्गने १९७० मध्ये पाच कक्ष आखले. त्यांच्या हद्दींवरून ट्राम व बस जात राहिल्या.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरात १९ सप्टेंबर १९७७ रोजी चार कक्षांची योजना अमलात आली. मॅक्स व्हान डेन बर्ग हे तिचे राजकीय प्रवर्तक. व्यापाऱ्यांचा विरोध तीव्र होता, तरी सर्व हद्दी एकाच वेळी बंद करण्यात आल्या. या शहरातील सायकलींचे मोठे प्रमाण केवळ या योजनेचे फळ मानणे अतिव्याप्त होईल. आटोपशीर वस्ती आणि विद्यार्थ्यांची मोठी संख्या हीदेखील कारणे आहेत. बेल्जियममधील गेंट शहराने ३ एप्रिल २०१७ रोजी मोटारमुक्त गाभ्याभोवती सहा कक्ष केले. २०३० पर्यंत ३५ टक्के फेऱ्या सायकलीने व्हाव्यात हे तेथील उद्दिष्ट सुमारे दशकभर आधीच गाठले गेले.

आखणी : प्रथम वाहनांचे क्रमांक प्रवेशाच्या व बाहेर पडण्याच्या ठिकाणी नोंदून, न थांबता आरपार जाणारी वाहने किती हे काढतात. हे प्रमाण नगण्य असेल तर कक्ष पाडून फारसे साधत नाही. त्यानंतर हद्द शक्यतो नदी, कालवा, लोहमार्ग किंवा बाजारपेठेचा रस्ता अशा रेषेवर घेतात, कारण तेथे ओलांडण्याच्या जागा मुळातच मोजक्या असतात. अशा प्रत्येक जागेची यादी लागते, बोळही त्यात आले. एक बोळ जरी मोकळा राहिला तरी दिशादर्शक ॲप सारी वाहतूक तिकडे वळवतात आणि तेथील रहिवाशांचे हाल पूर्वीपेक्षा वाढतात. थोड्या-थोड्या हद्दी बंद करत जाणारी शहरे याच कारणाने अडचणीत येतात.

हद्दीवर खांब रोवताना दोन खांबांत सुमारे १.५ मीटर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे तीनचाकी मालवाहू सायकल व चाकाची खुर्ची जाऊ शकते. अग्निशामक बंबासाठी मधला खांब कुलपाचा, काढता येणारा असतो आणि तो काढल्यावर साधारण ३.७ मीटर रुंदी मिळावी लागते. बसच्या वाटेवर जमिनीतून वर येणारे यांत्रिक खांब वारंवार बिघडतात. बस अडकली की पूर्ण मार्ग कोलमडतो. म्हणून अलीकडे क्रमांक वाचणारे कॅमेरे व दंड यांवर भर असतो. बंद टोकाशी कचरागाडी वळण्याइतकी जागा नसेल तर तिला मागे-मागे चालवत न्यावे लागते, आणि ते पादचाऱ्यांसाठी धोक्याचे असते.

सर्वांत दुर्लक्षित भाग वर्तुळाकार रस्त्याचा. तेथे सरळ जाण्यापेक्षा वळणाऱ्या वाहनांची संख्या वाढते. सिग्नलच्या वेळा व वळणमार्गिका आधी बदलल्या नाहीत तर पहिल्याच आठवड्यात कोंडी होते आणि दोष योजनेला दिला जातो. ही सारी वाहतूक बाहेर सरकते असेही नाही. ११ देशांतील सुमारे ७० उदाहरणांच्या २००२ मधील पाहणीत मोटारींची जागा कमी केल्यावर त्या भागातील एकूण वाहतूक घटल्याचे आढळले. या घटीचा मध्यक ११ टक्के होता.

बार्सिलोनातील ‘सुपरिला’, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या नऊ गटांचा साधारण ४०० मीटर बाजूचा चौरस, हे याच तत्त्वाचे लहान रूप. आत शिरलेल्या मोटारीला एकदिशा रस्ते वळवून पुन्हा बाहेर आणतात.

भारतातील स्थिती : एकदिशा रस्ते येथे रूढ आहेत, पण त्यांचा हेतू उलट असतो. पुण्यातील पेठांमधून जाणारी शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता ही विरुद्ध दिशांची जोडी आरपार वाहतूक वेगाने पुढे काढते. कक्ष पद्धती तीच वाहतूक पेठांबाहेर ठेवू पाहते. दुचाकींचे प्राबल्य असलेल्या शहरांत युरोपीय खांबांची नक्कल उपयोगी पडणार नाही. १.५ मीटरच्या फटीतून स्कूटर सहज जाते, आणि फट अरुंद केली तर चाकाची खुर्ची अडते. अशा ठिकाणी हद्दीवर कॅमेरे किंवा प्रत्यक्ष पहारा अपरिहार्य ठरतो. रिक्षाला बसप्रमाणे सोडायचे की मोटारीप्रमाणे वळवायचे, हेही खांब रोवण्याआधी ठरवावे लागते. रिक्षा सोडल्यास फट किमान तिच्या रुंदीची होते आणि खांबांचा अडथळा केवळ चारचाकींपुरता उरतो.